दाब

बेचाळिसाव्या मजल्यावरचा तरणतलाव
मला गुरुवारी सकाळपर्यंत द्यायचाय.
टॉवर अजून वरळीत नुसता खड्डा आहे,
पण पाण्यात ढग दिसले पाहिजेत,
काठावर एक बाई, टॉवेल, तिच्या ग्लासात लिंबाची चकती.
सगळ्यात जास्त वेळ पाणी खातं.
काच परवडली, संगमरवर परवडला,
पाण्याची एकेक सुरकुती कार्डाला मोजावी लागते.

म्हणून रविवारी बायॉसमध्ये शिरलो
आणि प्रोसेसर चढवला, चार पॉइंट दोनचा चार पॉइंट आठ.
व्होल्टेज किंचित वर. पंखा मोठा.
मशीन चालू झालं, निळी स्क्रीन आली नाही.
मी उठून स्वतःसाठी अंड्याची पोळी केली, बक्षीस म्हणून.

सोमवारी, सात मिनिटांत होणारी फ्रेम
एकोणीस मिनिटं घेऊ लागली.

ड्रायव्हर काढला, घातला. मग जुना घातला.
कार्ड उपसून त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले,
कन्नमवार नगरची पाच वर्षांची धूळ
ब्रशनं गॅलरीत झटकली,
शेजारच्या वृषालीताईंनी त्यांच्या पापडांवरून ऐकवलं.
पेस्ट बदलली.
गंमत म्हणजे कार्ड थंड होतं. अठ्ठावन्न अंश.
तापलेलं असतं तर समजलो असतो.
ताप नाही, आवाज नाही, एरर नाही,
नुसतं हळू,
घरातलं एखादं माणूस जेवण कमी करतं
आणि कोणाच्या लक्षात येत नाही, तसं.

लॅमिंग्टन रोडच्या इम्तियाज पारकरला फोन लावला.
म्हणाला, "पिवळ्या वायरला मीटर लाव आधी. मग रड."

कॅबिनेट उघडं. मल्टिमीटरची टोकं हातात.
काही काम नसताना बारा पॉइंट एक.
रेंडर लावला. अकरा सात. अकरा चार.
प्रोसेसर पळू लागला, अकरा दोन.
साडेचारशे वॅटचा जुना डबा,
दोघांचं पोट त्या एकाच नळावर.
पहिला ओढतो,
दुसरा उरेल त्यात भागवतो.

हे मला माहीत होतं.
रोज पहाटे पाच दहा ते पाच चाळीस
हे मला पक्कं माहीत असतं.
तळमजल्यावरच्या कोचरेकरांनी थेट पाइपलाइनलाच मोटार लावलीय.
ती घुरघुरली की तिसऱ्या मजल्यावर
आमची धार करंगळीएवढी होते, मग शेवयीएवढी,
मग हवा.
तीन वर्षं मी त्यांच्या नावानं बोटं मोडतोय.
सोसायटीच्या इतिवृत्तात लिहिलंय,
"श्री. तावडे यांनी पुन्हा तोच विषय काढला."
कोचरेकर म्हणतात, आमच्याकडे तर मस्त येतं.

रविवारी अंड्याची पोळी खाताना
मीही असाच दिसत असणार.

हळूहळू खाली आणला. चार सहा. चार पाचलाही ओढाताण.
चार पॉइंट तीनवर पिवळी वायर अकरा नऊला थांबली
आणि फ्रेम आठ मिनिटांत निघाली.
साडेसहाशेचा डबा सहा हजाराला आहे,
पारकर पाचशे सोडेल.
बिल्डरचं मागचं बिल आलं की बघू.

गुरुवारी पहाटे पाचला तलाव भरला.
ढग, टॉवेल, लिंबाची चकती, सगळं जागच्या जागी.
फाइल पाठवली, उठून पिंपात नळी सोडली.
खालून मोटार घुरघुरली.
नळानं दोन थेंब टाकले, मग खोकला.
जिन्यात उभं राहून ओरडायची ही माझी ठरलेली वेळ,
पण घसा बसला होता की काय कोण जाणे,
तिथेच कठड्याला टेकून राहिलो
उजाडेपर्यंत.

साडेनऊला उत्तर आलं:
छान झालंय. पाणी अजून थोडं वाढवा.