एकशे दहा सेकंद

खोपटात शिरण्याआधी लोखंड बाहेर ठेवायचं:
किल्ल्या, सुरी, पट्ट्याचं बक्कल,
केसातली पिनसुद्धा.
आत एक चुंबक बारीक दोऱ्याला टांगलेला,
त्याला माझ्या खिशाचाही भास होतो.
आज संध्याकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नाही.
परवा सूर्यावरून काहीतरी निसटलं होतं,
ते पोचलं.

बाहेर वडील स्नोमोबाइलला टेकून उभे.
कळपात रेनडियर किती ते आमच्यात कुणी सांगत नाही,
कमी किती, तेवढंच. दोन.
उणे छत्तीस. भुवया पांढऱ्या.
उत्तरेला एक दुधाळ कमान,
ढग म्हणून सोडून द्यावी अशी;
मग ती कडेनं उसवली
आणि बर्चच्या सावल्या बर्फावर चालू लागल्या.

हिरव्याचं काय, चटकन होतं.
शंभरेक किलोमीटरवर प्राणवायूच्या अणूला धक्का बसतो,
पाऊण सेकंदात तो उजेड टाकून मोकळा.
तांबड्याला एकशे दहा सेकंद लागतात.
तेवढ्यात दुसरा कुणी येऊन आदळला
तर मिळालेलं सगळं त्या धक्क्यातच जिरतं.
म्हणून तांबडा फक्त वर, दोनशेच्या पलीकडे,
जिथे शेजारी इतके विरळ
की मधे कुणी बोलत नाही.
ट्रोम्सोच्या परीक्षेत मी आकडा बरोबर लिहिला होता.

आई गेल्यापासून वडिलांना काही विचारलं
की मिह्काल मामा उत्तर देतो,
आइलु देतो, बहुतेक वेळा मीच:
त्यांना कॉफी नको. त्यांना बरं आहे.

आज विचारलं, "आईला आवडायचं का हे?"
आणि गप्प राहिले.
वीस. चाळीस.
कुत्रा एकेक पाय उचलून धरत होता.
हिरवा दोनदा भडकून विझला.
नव्वदच्या आसपास उत्तर माझ्या जिभेवर आलं,
गिळलं.

"मी रानात असलो," ते म्हणाले,
"की ती खिडकीत दिवा ठेवायची.
आकाश असं पेटलं की विझवायची.
रॉकेल वाचायचं ना.
त्यामुळे, रिस्तेन, नेमकं अशाच रात्री
मला घर सापडायचं नाही."

आणि हसले, की खोकले.
सगळ्यात वर तांबडं आलं होतं,
केव्हा, ते बघायचं राहूनच गेलं.
मी किल्ल्या उचलल्या.
बोटांना चिकटल्या.