एक म्हणायचं नसतं

वांगीकर सरांच्या कादंबरीत
सटवा मापाडी एकोणीस पानं बोलतो.
पोटच्या पोरालाही मधे तोंड घालू देत नाही:
मापात पाप करणार नाही,
शेतकऱ्याची कणव म्हणून नव्हे,
देवाच्या धाकानं तर नव्हेच,
हा हात माझा आहे, म्हणून.
बी.ए.ला असताना मी या ओळींखाली
पान फाटेस्तोवर लाल रेघ ओढली होती.

मग सिनेमावाले मानवतला आले.
मोंढ्यातलं एक अडत दुकान आधी चुन्यानं रंगवलं,
मग निजामाच्या काळातलं दिसावं म्हणून
धूर देऊन काळं केलं.
दोनशे माणसं लागली,
एक माणूस एकटा दिसावा म्हणून.
त्या दोनशेंत मी, डोक्याला पटका,
जेवण धरून तीनशे रोज.

आमचे बाबा, मुंजाजी मापाडी, वय शहात्तर,
नटाला अधोली धरायला शिकवत होते.
नट पुण्याचा, हात मऊ.
ज्वारीच्या राशीत अधोली खुपसली,
वरून तळहात फिरवला, बरोबर फिरवला,
आणि म्हणाला, 'एक.'

बाबा ताडकन उठले.
'ओ, एक म्हणायचं नसतंय. लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन.
एकानं सुरू केलं की रास एकटी पडती.'
'कोण म्हणतं असं?' दिग्दर्शक बाईंनी विचारलं.
'समदेच म्हणतेत.'

बाई बराच वेळ ज्वारीकडं बघत राहिल्या.
मग कुणाला तरी म्हणाल्या,
भाषण नको.

परभणीला सिनेमा लागला.
पडद्यावर सटवा अधोली भरतो.
मागं आम्ही दोनशे, श्वास धरून.
अडत्या सुपारी कातरायचा थांबतो.
सटवाची जीभ 'ला'साठी टाळूला लागते,
लागते, आणि सुटते.
'एक.'

'आरं तिच्या!' अंधारात कुणीतरी म्हणालं.
मोंढ्यातलाच हमाल असणार.
पुण्यात म्हणे या जागी
लोक पॉपकॉर्न खात होते.
सांगणाराही खात होता.

वांगीकर सर बाहेर चहाच्या गाड्यावर.
'एकोणीस पानं,' म्हणाले, बशीत फुंकर घालत,
'आणि हे मला माहीतच नव्हतं.
वकिलाच्या घरात कोण मोजतंय ज्वारी.'
मग एकदम चिडून,
'पण भाषण पाहिजेच होतं!'

शेवटी नावं सरकली.
दिवे धरणाऱ्याचं, गाड्या चालवणाऱ्याचं,
आणि 'मानवतच्या समस्त ग्रामस्थांचे आभार.'
त्यात बाबा. त्यात मी.
बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले,
'समस्त म्हणजे समदेच की.'

काल गिरणीला दळण काढायचं होतं.
बाबांनी कणगीत अधोली बुडवली,
वरून तळहात फिरवला.
मी दारात उभा.
ओठ हलले.
काय म्हणाले, ऐकू आलं नाही.
दुसऱ्या मापाला मात्र खणखणीत:
'दोन.'