सावलीचा दर

एप्रिलचा दुसरा आठवडा, पारा त्रेचाळीसवर.
गल्ली मोजायला गेलो.
टेपचं एक टोक बसण्णाच्या हातात, दुसरं माझ्या.
रुंदी सहा मीटर.
नाही, पाच ऐंशी.
वीस सेंटिमीटर एका ओट्यानं खाल्लेत.
लिहून घेतलं : अतिक्रमण.

ओट्यावर राजमणी मेरगू,
मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
बोटं वळतायत तशीच, मान तेवढी वर :
"तुमच्या कागदावर आमचं लिंब कुठाय?"

कागदावर लिंबाच्या जागी एक वर्तुळ होतं.
वर्तुळावर फुली.
फुलीखाली चार मोटारींचं पार्किंग.
गल्लीत एक लुना आहे, तीही ढकलायची,
आणि सुताच्या कोनांची एक हातगाडी.

"नऊला आम्ही कुरापातींच्या भिंतीला,
अकराला कारखान्याच्या बंद दाराशी,
साडेबारा ते चार लिंबाखाली.
पान उन्हात तडकतं, साहेब.
तडक्या पानाची विडी छाटीत जाते,
मजुरी कापतात.
नीडा गेली तर बसू कुठं? तुमच्या मोटारीत?"

सावलीला ती नीडा म्हणते.
बसण्णा टेप गुंडाळत पुटपुटला, नेरळू.
मी कार्यालयात जाऊन दरसूची उघडली :
पेव्हर ब्लॉक, चौरस मीटरला इतके.
काँक्रीट, घनमीटरला इतके.
झाड तोडणे, बुंध्याच्या घेरानुसार.
सावली
ना स मध्ये, ना छ मध्ये छाया.

दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गेलो.
दर तासाला सावलीच्या कडेनं एक रेघ,
पोरं मागं मागं, कोण रेघेवरून चालतंय,
कोण आतच उभं राहून
"साहेब, मी पण नकाशात!"
संध्याकाळपर्यंत गल्ली
माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक.
इतक्या वर्षांत मी नकाशात
वेळ काढली नव्हती कधी.

पाण्याची गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही, मला दिसली.
पाचव्या दिवशी, रात्री अडीचला, नळ खाकरला.
पिंपं, घागरी, रंगाचे रिकामे डबे,
मागांची खटखट ऐकू येईना अशी बायकांची बोलणी.
विसळलेलं पाणी वाहत वाहत लिंबाच्या आळ्यात.
कुणी आखलं नव्हतं. उतारच तसा.
माझ्या काँक्रीटचा उतार गटाराकडे होता.

प्रस्ताव बदलला.
फुली काढली, आळं तीन मीटर ठेवलं, उतार होता तसा,
ओटा भिंतभर लांबवला
आणि अतिक्रमण खोडून लिहिलं, बैठक.
साहेबांनी चष्मा वर केला :
"बाब क्रमांक?"
"नाही."
"दर?"
मी म्हणालो, लिंबाला विचारून सांगतो.
ते हसले नाहीत.
फाईल टेबलावर आहे. पंखा तिचं वरचं पान उचलतो, ठेवतो.

मे लागला तसा पुन्हा गेलो.
खडू पाण्यानं गेला होता,
भिंतीलगतची दोनची रेघ तेवढी शिल्लक.
राजमणी रेघेवर नव्हती. वीतभर अलीकडे बसली होती.
"तुमची रेघ चुकली," म्हणाली. "ऊन सरकलं."

बसण्णानं न सांगता
टेपचं टोक धरलं.