अंतिम वापर

दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून
माझं टेबल आहे. पाटीवर: निर्यात अनुपालन कक्ष.
शिपाई मला निर्यातबाई म्हणतो.
विद्यार्थी काहीच म्हणत नाहीत,
दार ढकलून आधी घड्याळाकडे बघतात.

वडील कोपरीच्या जकात नाक्यावर होते.
रात्रपाळीला ट्रक थांबवून विचारायचे:
काय आहे? किती आहे? कुठे चाललंय?
ताडपत्रीत लोखंडी सळई खुपसून
टोक नाकाशी धरायचे. हळद. साबण. कातडं.
नाका गेला. सळई माळ्यावर आहे.
मला तिचा उपयोग नाही.
माझ्याकडे येतं ते ईमेलला जोडलेलं असतं,
लॅपटॉपमधून विमानात बसतं,
कधी फळ्यावर पाच मिनिटं असतं, मग पुसलं जातं,
आणि नियम म्हणतो, तेवढ्यातही हद्द ओलांडली.

हेरंब तांडेलची फाइल एकोणतीस जूनला आली.
सारसोळ्याचा मुलगा, नेरूळमध्येच शिकलेला.
पाण्याखाली ऐकायचं यंत्र:
बोटाएवढे सोळा कान, एका दोरीत ओवलेले.
विणीच्या दिवसांत घोळ मासा घुमतो,
त्यावरून याला मोजायचंय, आता उरलेत किती.
फायलीवर मोठ्या अक्षरात 'घोळ'.
लेखा विभागाला वाटलं, शेरा आहे.

आठ कान पोर्तोच्या प्रयोगशाळेला जायचे होते.
मी यादी काढली, बोट फिरवत खाली आले
आणि थांबले.
"मॅडम, मासे आहेत," तो म्हणाला.
म्हटलं, माशाला ऐकणारा कान
पाणबुडीलाही ऐकतो रे.
त्याला हसू आलं. मग गेलं.

रकाना अकरा, अंतिम वापर.
त्यानं लिहिलं: ऐकणे.
मी परत पाठवलं.
त्यानं अडीच पानं लिहिली,
ती वाचताना मला पहिलाच शब्द बरा वाटला.
दिल्लीनं विचारलं, किती खोलीपर्यंत?
आम्ही कळवलं.
दिल्लीनं विचारलं, आणखी कोण कोण ऐकणार?

त्रेपन्न दिवस.
मधेच इनेस येऊन पोचली, पोर्तोहून,
पाठीवर पिशवी, पायात चुकीच्या चपला.
यंत्राजवळ तिला बसू देऊ नये, हे पत्र मीच काढलं.
(कधीकाळी याच किनाऱ्यावर
गलबतांकडे परवाने तिची माणसं मागायची,
हे जिन्यात आठवलं. पत्रात घालण्यासारखं नव्हतं.)

मग हेरंब तिला जेट्टीवर घेऊन गेला.
मीही गेले. तपासणीला, म्हणू या.
त्याच्या आजोबांची होडी चिखलाच्या कडेला.
बाळाराम तांडेल, डाव्या कानाने बहिरे.
होडी आत गेल्यावर त्यांनी वल्हं उभं पाण्यात सोडलं
आणि दांड्याला उजवा कान लावला.
सगळे गप्प. पलीकडच्या पुलावर गाड्या.
"घोल नाय. ढोमी हाय," म्हणाले,
"थोरी हायती."
आणि वल्हं इनेसच्या हातात दिलं.

तिने डोळे मिटले.
म्हाताऱ्याने तिचं डोकं धरून
दोन बोटं खाली सरकवलं, इथं, असं.
माझ्या डोळ्यांदेखत.
वर्णन नाही, मूल्य नाही, परवाना नाही,
चारशे वर्षांचं काहीतरी
एका कानातून दुसऱ्या कानात गेलं
आणि माझ्या पर्समध्ये शिक्का होता.

"तू पन घे गो बाय."
मी घेतलं. आधी माझ्याच बांगडीचा आवाज आला.
मग खाली, लांब,
कोणीतरी पोत्यावर बुक्क्या मारत असल्यासारखं.

परवाना ऑक्टोबरात आला, सात अटींसह.
घोळ तोवर खोल पाण्यात गेले होते.
हेरंबने पेढे आणले, सही केली,
अटींची प्रत जपून ठेवली.
पुढच्या वर्षी लागेल म्हणाला.

त्या दिवशी, जेट्टीवरून घरी आले तेव्हा
वडील जेवायचे थांबले होते.
अजूनही रोज विचारतात,
"आज काय सोडलंस?"
म्हटलं, लाकूड.
"किती?"
एक वल्हं, म्हटलं. रिकामं.
त्यांनी भातावर आमटी घेतली
आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले,
जसं ताडपत्रीकडे बघायचे.