पट्टा

उपकेंद्राच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात आहे:
मीठ कमी. झोप पुरेशी. मन हलकं.
रंग अजून उडाला नाही.

रात्री अडीचपर्यंत परीक्षेची पुस्तकं,
मधेच मोबाईलवर गावाचे आकडे भरणं,
जेवण म्हणजे उभ्यानं चहा, दोन बिस्किटं.
साकोलीच्याही पुढं जायचंय मला,
हे बोडीच्या पाळीवरच्या बगळ्यांनाही ठाऊक.

आज डोमाजी आला, मासोळीच्या वासासकट.
बाही वर केली, आकडा ऐकला,
आणि उठलाच नाही.
"बाई, हा पट्टा तुह्या हाताले कोन बांधते?"

मी हसले.
मग बांधायला गेले तर एका हातानं जमेना.
टोक त्यानं धरलं,
जाळ्याची गाठ ओढावी तसं, हळू.

एकशे बावन्न, सत्त्याण्णव.

वहीत रकाना होता.
नावापाशी पेन थांबलं.
"मंगळवारी मी जाळं टाकतच नाही," तो जाता जाता म्हणाला,
"मासोळीले बी मोठं होऊ द्या लागते."

नऊ वाजता दिवा मालवला.
पुस्तक उघडंच, पान एकशे चौदा.
झोप काही लगेच आली नाही,
वाट विसरली असेल.
खिडकीतून बोडीचा गार वास येत राहिला.
वार कोणता, ते मी आठवत होते.