तास

आमच्याकडं नांगराच्या रेघेला तास म्हणतात
अन् घड्याळातल्यालाही तासच.
मी सतरा सालं दोन्ही विकतो.
डायरीत नाव, गट नंबर, डिझेल,
पुढं नुसता आकडा.

दिगांबर सोळंक्याच्या रानात
या धुऱ्याला बिडी पेटवली
तर बाभळीच्या धुऱ्याला पोचेतो विझून जायची.
मग तिघं भाऊ वेगळे झाले. भांडण नव्हतं.
विहीर तिघांना लागली पाहिजे,
सडक तिघांना लागली पाहिजे,
म्हणून उभे तीन पट्टे पाडले.
उभं नांगरता येतं.
आडवी पाळी घालायची तर तिघांच्याही रानातून जावं लागतं.
तिघांना वेगवेगळं विचारतो. तिघंही म्हणतात, घाल की.
पैसे मात्र सेलूच्या तीन वेगळ्या बाजारांना मिळतात.

कडुबा तौराचं शेत गुडघ्यानं बंद पडलं.
पाऊस होता, कापसाला भाव होता,
पोरगा वाळूजच्या कंपनीत, चांगला आहे,
दर रविवारी फोन करतो.
गुडघे नव्हते.
तीन सालं रान तसंच.
आधी हरळी, मग कुंदा, मग बोरी,
मग एक दिवस तित्तर.

तालुक्याहून एक पोरगी आली होती फॉर्म घेऊन.
शेती सोडण्याचं कारण, पुढं चार चौकटी.
गुडघ्याला चौकट नव्हती.
भली होती बिचारी, चहा पिऊन
‘इतर’वर खूण केली अन् गेली.

चौथ्या साली ते हणमंत भालेकरानं ठोक्यानं घेतलं.
त्याचे चार एकर होते.
आता बावीस करतो, मालकीचे चारच.
मी म्हणलं, वाढलास लेका.
म्हणाला, मी कशाचा वाढतो, जाणारे वाढले.
मधला बांध मोडायला मीच होतो.
बांधावर लिंब होता, दोन्हीकडची माणसं
भाकर सोडायला तिथंच यायची.
त्याला अर्धा तास लागला.
घड्याळातला.

वच्छलाबाईच्या साडेतीन एकरातून रस्ता तिरपा गेला.
उरले दोन त्रिकोण.
त्रिकोण नांगरलाय का कुणी कधी?
दर तास आधीच्यापेक्षा आखूड,
परत फिरलं की आखूड,
परत फिरलं की आखूड,
शेवटी फाळ टेकवायचा अन् लगेच उचलायचा.
पैसा मिळाला. बाईनं जिंतूरकडं सात एकर घेतलं.
मुरमाड आहे, म्हणाली, पण चौकोनी आहे.
चौकोनी आहे, असं तीनदा म्हणाली.

अन् सरूबाई उघडे. गायरानातलं दीड एकर.
तीन उन्हाळे टोपलीनं दगड वेचले,
त्याच दगडांचा बांध रचला.
सातबाऱ्यावर अजून सरकारच आहे.
पहिल्यांदा नांगर घातला त्या दिवशी
फाळ तुटला. अर्धे पैसे मी देते, म्हणाली.
मी नको म्हणलो नाही. फाळाला पैसे लागतात.
दिवस मावळताना तिनं एक ढेकूळ उचललं,
मुठीत फोडलं, नाकाशी नेलं,
पदराला हात पुसत विचारलं,
किती तास झाले?

मी म्हणलं, कोणते?

तिनं रानाकडं तोंड केलं
अन् पायानं मोजत निघाली.