पेव

हरिपूरच्या रानात, बारा हात खाली,
तबस्सुमनं दोनशे चौदा फोटो काढले
एका रिकाम्या पेवाचे.
तोंड अरुंद, पोट मोठं,
भिंतीला बोट लावलं तर अजून पिवळं.
लॅबमध्ये रेवणनं ते एकमेकांत शिवले.
एका कोपऱ्यात भोक राहिलं,
त्यातून नुसतं करडं काहीतरी दिसायचं.

मी माहितीफलक लिहिला: खोली, किती पोती,
कुठल्या पुरात पाणी शिरलं.
'भेट देणाऱ्याने काय शिकावे?'
हा सरांचा रकाना मात्र कोराच होता.

मग शिदूनानांना बोलावलं.
उभी हयात पेवात उतरलेला माणूस.
डोळ्यांवर तो जड चष्मा चढवला,
म्हटलं, चला नाना, आत.

नाना तोंडाशीच थबकले.
खुर्चीत बसल्या बसल्या पाय मागं घेतले.
"आत्ताच उघडलंय न्हवं?
कंदील सोडा आधी.
इझला, तर कुणी उतरायचं न्हाई.
आमचा थोरला..."
एवढंच.
चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला,
आमचा, त्यांचा नव्हे.

वास काही आम्हाला आणता आला नाही.
भोकही तसंच आहे.
पण आता आमच्या पेवात
क्लिक केलं की लगेच उतरता येत नाही.
दोरीला कंदील बांधायचा, सोडायचा,
थांबायचं.

सर म्हणाले, लोक कंटाळतील.
दोन गुण कापले.
रकान्यात मी 'थांबणे' लिहिलं होतं, त्यावर प्रश्नचिन्ह.

रेवण अजून स्क्रीनपाशी वाकून बघतोय,
त्यानंच लावलेली ज्योत
जळतेय का खाली.